टेकडीवरचं शहर गेलं कुठे?

पणजीच्या कदंबा स्टँडवरून बस पकडली की रायबंदरवरून मांडवीच्या कडेकडेने जुने गोवे, पोर्तुगीजांची एकेकाळची राजधानी, नऊ-दहा किलोमीटर. बॉम जेझुस बॅसिलिकासमोर बस रिकामी होते, पब्लिक आत जाते, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाचं दर्शन, सेल्फी, शहाळं, परत बस. आपण आज तिथे थांबत नाहीये, आपण पलीकडची चढण धरतोय, मोंते सांतो, म्हणजे पवित्र टेकडी. चढण फार नाही पण ऊन कडक आहे, टोपी घ्या.

हा समोर चिऱ्यांचा सुळका दिसतोय ना, तो सेंट ऑगस्टीन चर्चचा टॉवर, म्हणजे जे काय उरलंय ते, 46 मीटर. चर्च 1602 मध्ये पूर्ण झालं, 1835 ला पोर्तुगीज सरकारने मठ बंद केले, पाद्री गेले, मग डागडुजी कोण करणार, आणि उघड्या पडलेल्या बांधकामाचं गोव्याच्या पावसात काय होतं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. 1842 ला छत खाली आलं, 1931 ला दर्शनी भिंत.

आत्या माझ्यासोबत आलीय, वर बघून तिचा पहिला प्रश्न, "अरे, पण घंटा कुठाय?"

घंटा पणजीत आहे! आधी आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहात नेली, मग 1871 ला पणजीच्या त्या पांढऱ्या पायऱ्यांच्या चर्चवर चढवली. आत्याचा जन्म पणजीतला, लहानपणापासून ती घंटा ऐकतेय. "हीच?" म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

तर या टेकडीवर फिरताना मला हाच खेळ आवडतो, काय होतं आणि ते कुठे गेलं. इथे सतत रोगांच्या साथी यायच्या, माणसं खाली सरकत गेली, 1759 ला व्हाइसरॉयच पणजीला राहायला गेला, 1843 ला राजधानीही अधिकृतपणे तिकडे. मागोमाग दगड गेले, इथले वाडे पाडून पणजीत घरं उठली.

आणि एक राणीसुद्धा गेली. जॉर्जियाची केतेवान, 1624 ला शिराझमध्ये इराणच्या शाह अब्बासने तिला मारवलं, ऑगस्टीनी पाद्र्यांनी तिच्या अस्थी इथे आणल्या. नंतर सगळं ढिगाऱ्याखाली. उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला, आणि 2021 मध्ये भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला दिला. इथे पायाखाली कोरीव थडग्यांचे दगड आहेत, जरा बघून चाला, भिंतींवर निळ्या फरश्यांचे तुकडे अजून चिकटलेत.

सेंट मोनिका हा नन्सचा जुना मठ मी पटकन आटोपते, म्युझियमला वेगळा दिवस द्या. टेकडीच्या टोकाला रोझरी चर्च मात्र सोडू नका, गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज अल्बुकर्कच्या 1510 च्या विजयाची आठवण म्हणून बांधलेलं, साधं, जाडजूड, किल्ल्यासारखं. इथून मांडवी आणि पलीकडे हिरवं दिवाडी बेट.

आता गंमत बघा. टेकडी रिकामी होण्याच्या कितीतरी आधी समोरच्या बेटावरचा देव गेला होता. गोव्याच्या जुन्या कदंब राजांचा सप्तकोटेश्वर, त्यांच्या नाण्यांवर नाव असलेला, पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेला, आणि 1668 ला शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला.

आत्याने घड्याळ बघितलं, म्हणाली फेरी आहे ना, चल मग. इथून दिवाडी, दिवाडीहून दुसऱ्या फेरीने नार्वे. जेवण तिकडेच कुठेतरी बघू.