टाचणी शेवटी उचला

हातातला छोटा संगणक, म्हणजे पामसारखा जुना पीडीए, बिघडला की आपला पहिला हात जातो तो मागच्या बारीक भोकाकडे. टाचणी घालायची, रीसेट करायचं आणि बघायचं काय होतं ते. माझं आज एवढंच सांगणं आहे, की ती टाचणी शेवटी उचला. दुरुस्तीच्या घाईत जितक्या लोकांच्या नोंदी पुसल्या गेलेल्या मी पाहिल्या, तितक्या मूळ बिघाडामुळे गेलेल्या पाहिल्या नाहीत.

याचं कारण या यंत्रांच्या घडणीतच आहे. १९९६ साली पामचा पहिला पायलट आला. त्याच्यात दोन बारीक ट्रिपल-ए सेल होते आणि त्यातल्या लहान मॉडेलची स्मृती होती फक्त १२८ किलोबाइट. पत्ते, तारखा, टिपणं सगळं रॅममध्ये. रॅमला वीज मिळते तोवरच तिच्यातलं टिकतं. सेल बदलताना आतला एक लहान कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, ती स्मृती जेमतेम मिनिटभर सांभाळतो. म्हणून नवे सेल आधी वेष्टनातून काढून समोर ठेवायचे आणि मगच झाकण उघडायचं. सायऑन (Psion) किंवा एचपी २०० एलएक्स या दुसऱ्या कंपन्यांच्या हातसंगणकांत मुख्य सेलांशिवाय नाण्यासारखा एक राखीव सेल असतो. तिथे नियम असा, की दोन्ही कधीच एकदम काढायचे नाहीत. मुख्य सेल ताजे असताना राखीव बदलायचा. राखीव सेल कुणाच्या डोळ्यासमोर नसतो, त्यामुळे तो कधी संपला ते कळत नाही, आणि मुख्य सेल काढले त्याच क्षणी सगळं जातं. माझी स्वतःची एका वर्षाची टिपणं अशीच गेली. ती गोष्ट मला अजून बोचते, म्हणून हे इतकं ठासून सांगतो आहे.

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार घेऊ. ‘पेन एका जागी टेकवतो, खूण दुसरीकडेच उमटते.’ या पडद्यावर दोन पारदर्शक थर असतात, दोन्हींवर वीजवाहक लेप आणि मधे सूक्ष्म ठिपक्यांनी राखलेलं अंतर. पेनाने दाबलं की वरचा थर खालच्याला टेकतो. एका थरावर दाब दिलेला असतो, विजेचा दाब म्हणतो मी, आणि टेकल्या जागी तो किती भरतो यावरून यंत्र जागा ओळखतं. आता पडद्याच्या कडेला, चौकटीखाली, धुळीचा खडा अडकला तर? तो खडा म्हणजे कायम टेकलेलं दुसरं पेन. यंत्राला दोन स्पर्श वेगळे कळत नाहीत, ते मधलीच कुठली तरी जागा धरतं.

लोक इथे काय करतात, तर कॅलिब्रेशनचा, म्हणजे पेनाची जागा जुळवून घेण्याचा, पडदा त्यानंतर आपोआप येतो म्हणून थेट हार्ड रीसेट करतात. म्हणजे पॉवरचं बटण दाबून ठेवून टाचणी. सगळी स्मृती कोरी होते. आणि खडा तिथल्या तिथेच! रोग तसाच राहिला, घरातलं मात्र सगळं गेलं. त्याऐवजी व्हिजिटिंग कार्डाची कड चौकट आणि पडदा यांच्या फटीतून चारी बाजूंनी हलकेच फिरवा. धातूची पट्टी नको, ओरखडा उठतो. मग सेटिंगमधून कॅलिब्रेशन करा. अनेकदा तेवढ्यावर काम होतं.

साध्या रीसेटने, म्हणजे कुठलंही बटण न दाबता केलेल्या, नोंदी जात नाहीत, हेही लक्षात असू द्या. यंत्र गोठलं तर आधी तो. नव्या प्रोग्रॅमनंतर यंत्र सारखं स्वतःहून रीसेट होत राहिलं, तर पामवर स्क्रोलचं वरचं बटण दाबून रीसेट करा. त्या वेळी जोडीचे प्रोग्रॅम जागे होत नाहीत आणि दोषी प्रोग्रॅम काढून टाकायला वाव मिळतो. मी टाचणी म्हणतो खरा, पण टोकदार काही भोकात घालू नका, पेपरक्लिप सरळ करून वापरा. काही पामच्या स्टायलसचं डोकं फिरवलं की आत यासाठीचाच खिळा मिळतो.

या सगळ्याच्या आधी हॉटसिंक, म्हणजे पाम मोठ्या संगणकाला जोडून नोंदी दोन्हीकडे जुळवणं. क्रेडलला, म्हणजे त्या जोडणीच्या बैठकीला, यंत्र लागतच नसेल तर पितळी टोकांवर शिसपेन्सिलीचा खोडरबर फिरवा, आणि मोठ्या संगणकावर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने पोर्ट, म्हणजे क्रेडल जोडायची जागा, धरून ठेवलं नाही ना, ते बघा. बॅकअपची खूण नसलेले काही डेटाबेस हॉटसिंकमध्ये येत नाहीत. तेव्हा आपल्या कामाची फाइल पलीकडे खरोखर पोचली का, ते डोळ्यांनी पाहा. आणि कोरं झालेलं यंत्र जोडताना दिशा तपासा. ‘हातातल्याने मोठ्यावर लिहावं’ अशी सेटिंग राहिली, तर कोरेपणाच पलीकडे जाईल आणि शेवटची प्रतही पुसली जाईल.

सेल गळले असतील तर पांढरा थर हातांनी खरवडू नका. अल्कलाइन सेलातला तो क्षार आहे. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन टिपा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या.

आता ज्यांनी आपली यंत्रं आणली आहेत त्यांनी पुढे या. झाकणं बंदच असू द्या, आधी एकेक क्रेडलला लावू.