पन्हाळेकाजीचे गौर लेणे

दापोली म्हटले की मुरुड, कर्दे आणि लाडघरचे किनारे डोळ्यांसमोर येतात. त्याच तालुक्यात, समुद्राकडे पाठ फिरवून डोंगरांत शिरले की कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी हे गाव लागते. येथील काळ्या कातळात एकूण २९ लेणी कोरलेली आहेत. त्यांपैकी २८ मुख्य समूहात असून एकोणतिसावे, ज्याला गौर लेणे म्हणतात, ते त्यांच्यापासून दूर, एकटेच आहे. मुख्य समूह पाहून परतणाऱ्यांचे ते हमखास राहून जाते, म्हणून आपण अधिक वेळ तेथेच थांबणार आहोत.

या परिसराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते एका ताम्रपटाने. कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातील राजा अपरादित्य याचा पुत्र विक्रमादित्य याच्या, इ. स. ११३९ मधील या दानपत्रात ‘प्रणालक’ हे नाव येते आणि तेच आजचे पन्हाळे होय. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे म. न. देशपांडे यांनी लेण्यांचा कसून अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. त्यातून उलगडला तो जवळजवळ हजार वर्षांचा वावर. आरंभी येथे हीनयान बौद्ध भिक्षू राहिले, नंतर वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाच्या अनुयायांनी महाचंडरोषण या उग्र देवतेची उपासना केली, शिलाहारांच्या काळात शिव आणि गणपती आले, आणि अखेरीस नाथपंथीयांनी येथे ठाण मांडले. हा सारा बदल गोडीगुलाबीने झाला असे मानायला आधार नाही. मात्र नव्या उपासकांनी जुनी दालने टाकून न देता त्यांतच आपली दैवते बसवली, हे उघड दिसते.

गौर लेण्यात नाथपंथाची ही शेवटची पायरी पाहायला मिळते. येथील शिल्पे आकाराने लहान आहेत आणि डोळे अंधाराला सरावल्याशिवाय ती नीट उमगत नाहीत. आसन घालून बसलेले सिद्ध, म्हणजे योगसाधनेत पारंगत झालेले पुरुष, ओळीने कोरलेले आहेत. परंपरा त्यांची संख्या ८४ सांगते. नाथपंथाचे आद्य गुरू मत्स्येंद्रनाथ यांची कथाही येथे शिल्पात उतरली आहे. शिव पार्वतीला योगाचे गुह्य सांगत असताना माशाच्या पोटात दडलेल्या मत्स्येंद्राने ते ऐकले, अशी ही कथा. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेव आपली गुरुपरंपरा सांगतात, तिचा आरंभ याच प्रसंगाने होतो. आळंदी आणि पैठणशी असलेली या परंपरेची नाती आपण आवर्जून सांगतो. परंतु तिचा दगडात कोरलेला इतका सलग पुरावा कोकणातल्या एका आडबाजूच्या गावात आहे, हे महाराष्ट्राला ठाऊक असायला हवे होते.

दापोलीच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कातळाच्या फटींतून झिरपणारे पाणी आणि त्यावर धरणारे शेवाळ या बारीक कोरीवकामाला झिजवत राहते. लेण्यांच्या माथ्यावर चर खणून पाणी बाजूला वळवणे हा त्यावरचा जुना आणि साधा उपाय आहे, आणि मुख्य समूहाइतकीच त्याची गरज या एकट्या लेण्यालाही आहे.