रस्सा मुरू दे, पण थंडीत

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापला आहे 'कुटुंबाची कंपनी टिकते कशी'. त्यावर बोलणार आहेच. पण आधी रश्श्याबद्दल बोलू द्या. आमच्या घरातली सगळी भांडणं आणि सगळी कमाई त्या रश्श्यातच आहे.

आम्ही काय करतो ते इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तांबडा, पांढरा, सुकं मटण, अख्खा मसूर, भरलं वांगं शिजवायचं, थंड करायचं, डब्यात सील करायचं आणि सुपरमार्केटच्या फ्रीजपर्यंत पोचवायचं. हे गोठवलेलं अन्न नव्हे. रिटॉर्टचं पाकीटही नव्हे. ते सील करून 121 अंशांवर तापवतात आणि मग महिनोन्‌महिने फडताळात राहतं. आमचा डबा शून्य ते पाच अंशांत राहतो आणि त्याचं आयुष्य थोड्या दिवसांचं. कोल्हापुरात 'थंड रस्सा' म्हटलं की लोक हसतात. तुम्हीही हसलात! अहो, घरी नेऊन गरम करून खायचा आहे तो.

माझं एक म्हणणं आहे आणि ते मी भेटेल त्याला ऐकवते. या धंद्यात शिजवणं हे निम्मं काम. खरं कसब आहे ते थंड करण्यात.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा आण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, केटरिंग जोरात होतं. मोठमोठी पातेली, हातचा कांदा-लसूण मसाला, आणि आण्णांचा ठाम नियम: रस्सा रात्रभर पातेल्यात मुरला पाहिजे. चवीच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. दुसऱ्या दिवशीचा रस्सा चढतोच. पण चाळीस लिटरचं पातेलं ओट्यावर ठेवलं तर त्याच्या पोटातला रस्सा पहाटेपर्यंत कोमट राहतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जिवाणू मटणाच्या रश्श्यावर फार खूष असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचात झोपलेली रूपं, उकळीतही मरत नाहीत. रस्सा चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आला की ते जागे होतात, आणि मग दर दहा-एक मिनिटांनी संख्या दुप्पट. भाताचंही तसंच, तिथे बॅसिलस सेरियस असतो. भात शिजवून तसाच ठेवला की तो वाढतो आणि विष तयार करतो. ते विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही.

म्हणून आमच्याकडे गॅस बंद झाला की खरी धावपळ सुरू होते. रस्सा पातेल्यातून उथळ ट्रेमध्ये, जेमतेम दोन इंच. ट्रे ट्रॉलीवर, ट्रॉली ब्लास्ट चिलरमध्ये, म्हणजे गार वाऱ्याच्या झोतानं झटपट थंड करणाऱ्या कपाटात. मधल्या ट्रेच्या बरोबर मध्यभागी प्रोब, म्हणजे थर्मामीटरची सळई, खुपसायचा. सत्तर अंशांवरून तीन अंशांवर, नव्वद मिनिटांच्या आत. तिथे घड्याळ घेऊन आमच्या जाऊबाई उभ्या असतात, आणि त्यांच्या समोर कुणी बोलत नाही. पहिल्यांदा चिलरमधून ट्रे बाहेर आला तेव्हा तांबड्या रश्श्यावर कटाचा लाल थर मेणासारखा गोठला होता. आण्णा म्हणाले, "नासला." आम्ही तोच ट्रे थंडीत रात्रभर ठेवला, सकाळी उकळला आणि त्यांना वाटीभर दिला. वाटी संपली, दुसरी मागितली. मुरायचं ते थंडीतही मुरतं.

पांढऱ्याचा त्रास वेगळा. नारळाचं दूध थंडीत विलग होतं, आणि भसकन उकळलं तर फुटतं. म्हणून डब्यावर आम्ही ठळक छापलं आहे: मंद आचेवर, ढवळत. लोक वाचत नाहीत आणि आम्हाला फोन करतात. फोन करा, चालेल, आम्ही उचलतो.

आता माझी तक्रार. नाव घेणार नाही, पण एक मोठी साखळी आहे, तिच्या दुकानांतून आमचा माल परत येऊ लागला. डबे फुगलेले, मुदत बाकी असतानाही. वर डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापल्याचा कागद: 'पुरवठादाराचा दोष'. आमच्याकडे प्रत्येक बॅचची नोंद, गाडीच्या तापमानाचा कागद, सगळं चोख. मग आमच्या दिरांनी एका डब्याच्या तळाशी डेटा लॉगर ठेवला. बटणाएवढी वस्तू, दर काही मिनिटांनी तापमान टिपत राहते. तो डबा परत आला आणि आलेख उघडला. दिवसभर चार अंश. रात्री दुकान बंद झालं की रेघ वर चढायला लागते, पहाटे पंधराच्या पलीकडे, आणि सकाळी साफसफाईच्या वेळी पुन्हा खाली. रोज रात्री. वीज वाचवायला फ्रीजचं बटण बंद!

तो आलेख घेऊन आम्ही त्यांच्या कचेरीत गेलो. समोरच्या माणसानं तो पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, दूधवाले तर तक्रार करत नाहीत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, मी कोल्हापूरची! 1963 पासून या जिल्ह्यात गोकुळ दूध संघ उभा आहे. डोंगरातल्या वाडीवरची बाईसुद्धा जाणते की धार काढल्यावर दूध बल्क कूलरमध्ये चार अंशांवर गेलं पाहिजे, नाहीतर संकलनाला नापास. आमच्या शेतकऱ्याला जे कळतं ते तुमच्या एसीतल्या माणसाला कळू नये? शिवाय चार अंशांवरही वाढणारा लिस्टेरिया नावाचा जिवाणू आहे. गरोदर बाईला त्याचा संसर्ग झाला तर बाळ दगावू शकतं. पंधरा अंशांवर तो किती फोफावेल याचा विचार करा. वीजबिलापायी?

याच्या उलट एक गोष्ट सांगते. मुंबईच्या मिठाईवाल्या घरातले गुलाम नून लंडनजवळ साउथहॉलला गेले. तिथे त्यांनी ब्रिटिश सुपरमार्केटांसाठी भारतीय तयार जेवणाचा कारखाना काढला. तिथे मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानांच्या साखळीनं 1979 साली चिकन कीव्ह, म्हणजे लोणी भरलेली कोंबडी, थंड विकायला सुरुवात केलीच होती, लोकांना सवय लागत होती. 1994 साली नून यांचा कारखाना आगीत जळाला. त्यांनी कामगारांना घरी पाठवलं नाही, पगार चालू ठेवले. सेन्सबरी सुपरमार्केटसारखे ग्राहक थांबले, कारखाना पुन्हा उभा राहिला. दुकानदार आणि कारखानदार एकाच थंडीचे भागीदार असतात, ही समज मला इथे हवी आहे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली म्हणे. मूळ विषय आता पटापट सांगते.

कुटुंबाची कंपनी टिकवायची तर थर्मामीटर घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाच्याही वर बसवा. आमच्याकडे लेखी नियम आहे: प्रोबनं नापास केलेली बॅच पॅकिंगवरची पोरगीसुद्धा थांबवू शकते, आणि आण्णांनाही ती सोडता येत नाही. तो कागद आण्णांनीच सही करून भिंतीवर लावला, म्हणून तो चालतो.

दुसरं, पैसा. आमचा डबा दहा दिवसांत विकला जातो किंवा फेकला जातो, पण बिल तीन-तीन महिने अडकतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांनी 2006 चा एमएसएमई विकास कायदा वाचा. करार काहीही असो, 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. भिडेखातर कुणी मागत नाही. मागा.

तिसरं, अंतर. मुंबईची घाई नको. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे. आमची गाडी पहाटे निघून जिथे सकाळी माल उतरवू शकते तेवढाच आमचा बाजार. आणि ज्या दुकानात माल ठेवू, तिथे फ्रीज आमचा, त्याला लॉगर आमचा. खर्च लागतो, कर्ज काढलं आहे, पण परतीचे डबे कमी झालेत.

इथे किराणा आणि सुपरमार्केटवाले बरेच दिसताहेत. दारापाशी टेबलावर लॉगर ठेवले आहेत. आज रात्री एक आपल्या फ्रीजमध्ये टाका आणि उद्या दुकान उघडलं की शिरोलीला आमच्याकडे घेऊन या. आलेख मी स्वतः काढून दाखवते.