चवथीआधी आठशे

(पत्र्यावर पाऊस. गॅरेजच्या दारात डबकं, त्यावर तेलाचे रंग.)

डिचोली, गोवा. बॉनेट उघडून उभी असलेली ही मारुती आठशे एका भजनी मंडळाची. पेटी, तबला, झांजा आणि चार माणसं, सगळं हिच्यातच कोंबायचं. बेळगावला जाताना चोर्ला घाटात रेडिएटरचा पाइप फाटला. काटा लाल रेघेला टेकला, तरी ‘वरपर्यंत नेऊ’ म्हणत चढवली. मग वरून पाणी ओतलं. ते उतरलं तेलात.

(डिपस्टिक.)

हे तेल. दुधाचा चहाच.

(हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, उचललं जातं.)

दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधोमध गॅस्केट, हेडखालची सील, जळून कोळसा. पिस्टन तापून फुगला आणि भिंतीला धरला. ओरखडे बोटाला लागतात. अख्खं इंजिनच बदला, असा सल्ला देणारे बरेच भेटले. पैसे देणारा कोणी नाही.

मेस्त्री हेडवर पट्टी आडवी धरतो, खालून फीलर गेजचं ०.०५ मिलिमीटरचं पान सरकवतो. जायला नको. जातं. म्हणजे हेड वाकलंय. नवं नको, फेसिंगवर, म्हणजे घासून सपाट केल्यावर, भागेल.

(ब्लॉक, सिलिंडरांचा ठोकळा, टेम्पोतून उतरतो.)

म्हापशाहून बोअर करून, सिलिंडर आतून कातून, आला. ६८.५ मिलिमीटरचा बोअर आता ६९. गणित मांडलं तर ७९६ सीसीची गाडी ८०८ची झाली. नावाला आता कुठे जागली. आतल्या या तिरक्या रेघा होनिंगच्या, तेल धरून ठेवायला.

(तळहात. बराच वेळ.)

व्हॉल्व्हला घासायची पेस्ट लावायची, रबरी वाटीची काठी चिकटवायची आणि रवीसारखी घोळवायची. कडेला राखाडी कडं अखंड उमटेपर्यंत. मग वर रॉकेल ओतून बघायचं, थेंब झिरपतो का. असे सहा व्हॉल्व्ह. याला मजुरी सोडून खर्च नाही, म्हणून हल्ली हे करायला कोणी बसत नाही.

क्रँक, पिस्टन फिरवतात तो दांडा, मापात निघाला, ग्राइंडिंग वाचलं. वाढीव मापाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, टायमिंग बेल्ट मात्र नवे. तिथं मेस्त्रीनं घासाघीस चालू दिली नाही. आठशे २०१४ साली बनायची थांबली, पण भाग मिळतात. ओम्नीचं इंजिन हिच्याच घराण्यातलं.

हेडचे बोल्ट मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत.

(चावी. दोनदा नुसती घरघर. तिसऱ्यांदा धूर.)

हजार किलोमीटर दामटायची नाही, तेल लवकर बदलायचं. बाकी पैसे चवथीनंतर.

(पेटी मागच्या सीटवर. निवेदन नाही.)