शिष्यवृत्ती कुणाची? मलेशियातला कोटा आणि गुणवत्ता

[दृश्य: क्वालालंपूर. शाळेचं आवार, गुणपत्रिका घेऊन उभी असलेली मुलं]

मलेशियात सतराव्या वर्षी शाळेची शेवटची बोर्डाची परीक्षा होते. तिला म्हणतात एसपीएम. निकाल लागला की हुशार मुलांच्या घरात एकच विषय असतो, जेपीएची शिष्यवृत्ती. जेपीए हे तिथलं लोकसेवा खातं. परदेशी विद्यापीठाची फी आणि राहण्याचा खर्च ते उचलतं, बदल्यात शिकून परत येऊन सरकारी सेवा करायची.

वर्षानुवर्षं यादी लागली की पाठोपाठ एक बातमी यायची: सगळ्या विषयांत ‘ए’ मिळवलेल्या चिनी किंवा तमिळ वंशाच्या मुलाला नकार. मग पालक अर्ज घेऊन आपापल्या समाजाच्या पुढाऱ्यांचे उंबरे झिजवायचे. नकार का मिळाला, हे मात्र त्यांना कुणी सांगायचं नाही.

[दृश्य: १९५७, स्वातंत्र्यसोहळ्याची जुनी चित्रफीत]

याचं मूळ राज्यघटनेत आहे. कलम १५३ नुसार देशातले बहुसंख्य मलय लोक आणि बोर्निओ बेटावरच्या सबा-सारावाक राज्यांचे मूळ रहिवासी यांच्यासाठी सरकारी नोकऱ्या, परवाने आणि शिष्यवृत्त्यांत वाजवी वाटा राखून ठेवता येतो. या सगळ्यांना मिळून तिथे भूमिपुत्र म्हणतात. घटनेचा मसुदा करणाऱ्या रीड आयोगात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक हेही होते. पंधरा वर्षांनी या सवलतींचा फेरविचार व्हावा, असं आयोगाच्या बहुमतानं सुचवलं होतं. अंतिम घटनेत ती मुदत आलीच नाही.

सवलतींची गरज खोटी नव्हती, हे आधी नीट समजून घेऊ. इंग्रजांनी मलय शेतकऱ्याला गावातल्या मलय शाळेत ठेवलं, तमिळ मजुराला रबराच्या मळ्यावर आणि इंग्रजी शाळा शहरात काढल्या. १९७० साली द्वीपकल्पातली, म्हणजे सबा-सारावाक सोडून उरलेल्या मलेशियातली, जवळजवळ दोन तृतीयांश मलय कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. कंपन्यांच्या भांडवलात भूमिपुत्रांचा वाटा होता २.४ टक्के. विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यकीय वर्गांत मलय मुलं शोधावी लागत. त्या काळात निव्वळ गुणांवर यादी लावली असती तर ती शहरांच्या इंग्रजी शाळांचीच यादी झाली असती.

१३ मे १९६९ ला क्वालालंपूरमध्ये दंगल पेटली. सरकारी आकड्याप्रमाणे १९६ माणसं गेली. त्यानंतर १९७१ मध्ये नवं आर्थिक धोरण आलं. वंश कुठलाही असो, गरिबी हटवायची आणि वंशावरून धंदा ठरण्याची रीत मोडायची, अशी त्याची दोन उद्दिष्टं. शिष्यवृत्त्या आणि मलय मुलांसाठीची निवासी विज्ञान महाविद्यालयं यांतून एका पिढीत मलय डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक उभे राहिले. हे यश मोठं आहे, आणि ते नाकारणाऱ्याशी मी सहमत होऊ शकत नाही.

मग बिघडलं कुठे? आपल्याकडे १९९२ च्या मंडल निकालात सर्वोच्च न्यायालयानं ओबीसींमधल्या क्रीमी लेयरला आरक्षणाबाहेर ठेवलं. मलेशियाच्या कलम १५३ मध्ये अशी चाळणी नाही. शिवाय तिथे लाभ आहे बहुसंख्याकांना, आणि सत्ताही त्यांच्याच हाती. त्यामुळे क्वालालंपूरमधल्या सचिवाचा मुलगा आणि केलांतानच्या कोळ्याचा मुलगा एकाच रांगेत उभे राहतात, आणि त्या रांगेत पुढे कोण असणार हे सांगायला नको. द्वीपकल्पातले आदिवासी, ओरांग असली, हे तर सगळ्यांत गरीब. कलम १५३ मध्ये त्यांचा उल्लेखही नाही. मळे विकले गेल्यावर शहराच्या कडेला फेकल्या गेलेल्या तमिळ कुटुंबांना या व्यवस्थेत जागाच नाही.

[दृश्य: महाविद्यालयाचा वर्ग]

२००२ मध्ये पंतप्रधान महाथीर यांच्या सरकारनं विद्यापीठ प्रवेशातला कोटा काढला आणि आता गुणवत्ता चालेल असं जाहीर केलं. पण विद्यापीठाच्या दाराशी जाणारे रस्ते दोन होते. एक, मॅट्रिक्युलेशन: एका वर्षाचा, सरकारी खर्चाचा अभ्यासक्रम, तिथे नव्वद टक्के जागा भूमिपुत्रांना. दुसरा, एसटीपीएम: दीड-दोन वर्षांची, कठीण म्हणून ओळखली जाणारी परीक्षा. दोन वेगळ्या परीक्षांचे गुण एकाच मापानं मोजायचे आणि त्याला गुणवत्ता म्हणायचं! दारावरचा कोटा उतरला, तो आधीच्या वळणावर जाऊन बसला. मला उघड कोट्यापेक्षा हे जास्त खुपतं. उघड कोट्यावर निदान वाद घालता येतो.

२००९ मध्ये जेपीएच्या शिष्यवृत्त्यांचा एक हिस्सा निव्वळ गुणांवर देण्याचं ठरलं. तोवर कित्येक मुलं सीमेपलीकडे सिंगापूरला गेली होती. तिथलं सरकार शेजारी देशांतल्या हुशार मुलांना शाळेपासूनच शिष्यवृत्ती देतं. जागतिक बँकेच्या २०११ च्या अहवालानुसार परदेशी स्थायिक झालेले मलेशियन सुमारे दहा लाख होते, त्यांतले निम्म्याहून अधिक सिंगापुरात.

तरीही सगळं गुणांवर सोडा, हे उत्तर मला पटत नाही. शिकवणी लावणाऱ्या पेनांगच्या मुलीचे गुण आणि सारावाकच्या नदीकाठच्या वसतिगृहात शिकलेल्या मुलीचे गुण सारखे वाचता येत नाहीत. घरचं उत्पन्न, आईवडिलांचं शिक्षण, शाळेचं ठिकाण या गोष्टी अर्जात धराव्यात आणि निवडीचे निकष यादीसोबत छापावेत. असं झालं तर सर्वाधिक लाभ गरीब मलय मुलांनाच होईल, कारण देशात संख्येनं जास्त गरीब तेच आहेत.

जून २०२४ मध्ये पंतप्रधान अन्वर इब्राहिम यांनी जाहीर केलं: एसपीएमला दहा ‘ए’ मिळवणाऱ्या प्रत्येकाला, वंश न पाहता, मॅट्रिक्युलेशनची जागा मिळेल. नव्वद-दहाची विभागणी मात्र त्यांनी काढली नाही. नऊ ‘ए’ मिळवणाऱ्या चिनी किंवा तमिळ मुलाला त्या दहा टक्क्यांतच जागा शोधावी लागते.