राजाने लावलेला कौल

हे कासवाच्या पोटाकडचं कवच. पिवळट, जागोजागी तडकलेलं. तड्यांच्या कडेकडेनं कोरलेली ही बारीक, टोकदार अक्षरं नीट पाहा. त्यांना सव्वातीन हजार वर्षं होत आली.

चीनच्या होनान प्रांतात आनयांग शहराजवळ शांग या प्राचीन राजघराण्याची शेवटची राजधानी होती. तिथं शेत नांगरताना अशी कवचं आणि गुराढोरांच्या खांद्याची हाडं वर यायची. औषधवाले ती 'ड्रॅगनची हाडं' म्हणून विकत घेत, त्यांची पूड करत आणि ती रोग्यांना देत. जगातला केवढा मोठा दफ्तरखाना असा खलबत्त्यात गेला असेल, या विचारानं आजही जीव हळहळतो.

१८९९ साली बीजिंगमधले विद्वान वांग यीरोंग यांनी या खुणा ओळखल्या. ही अक्षरं आहेत, आणि फार जुनी आहेत. ते हाडं जमवू लागले. पण पुढच्याच वर्षी आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या, आणि वांग यांनी विहिरीत उडी घेऊन जीव दिला. काम इतरांनी पुढं नेलं. १९२८ साली आनयांगला रीतसर उत्खनन सुरू झालं, आणि १९३६ साली एकाच खड्ड्यात सतरा हजारांहून जास्त तुकडे सापडले.

त्यांवर आहे तरी काय? प्रश्न.

आपल्याकडे देवाला कौल लावतात, तसाच हा कौल. पूर्वजांना आणि देवतांना लावलेला. कवच घासून साफ करायचं. मागच्या बाजूनं खोलगट खाचा पाडायच्या. प्रश्न विचारायचा आणि खाचेला चटका द्यायचा. पुढच्या बाजूला तडा जाई, एक उभी रेघ आणि तिला फुटलेला छोटा फाटा. त्यावरून उत्तर वाचायचं. चिनी लिपीत 'कौल पाहणं' यासाठी आजही जे अक्षर लिहितात, ते त्या तड्याचंच चित्र आहे.

शांग राजा वू तिंग सतत विचारत असे. पाऊस पडेल का? पीक येईल का? माझा दात दुखतो, तो कोणत्या पूर्वजाच्या कोपानं? बळी किती द्यायचे, हेही तो विचारी, आणि त्या बळींत युद्धात पकडलेली माणसंही असत. हे वाचताना अंगावर काटा येतो, पण ते वगळून शांग काळ सांगता येणार नाही.

आणि पुन्हा पुन्हा येणारं एक नाव: फू हाओ. वू तिंगची राणी. एका हाडावर तिच्यासाठी तीन हजार आणि शिवाय दहा हजार माणसं जमवून च्यांग लोकांवर चाल करून जाण्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या एका कवचावर ती गरोदर आहे. बाळंतपण सुखरूप होईल ना? राजा तडे वाचून शुभ दिवस सांगतो. पुढं निकालही कोरलेला आहे: एकतीस दिवसांनी बाळ झालं. शुभ झालं नाही. मुलगी झाली.

ही शेवटची दोन वाक्यं वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. तेरा हजारांच्या फौजेची सेनानी, आणि तिच्या पोटी मुलगी येणं अशुभ!

१९७६ साली झेंग झेनश्यांग या पुरातत्त्वज्ञ बाईंनी आनयांगला एक थडगं शोधून काढलं. चोरांचा हात न लागलेलं. आत काशाच्या साडेचारशेहून जास्त वस्तू, साडेसातशे जेड या मौल्यवान दगडाच्या, हजारो कवड्या, आणि मृतासोबत पुरलेली सोळा माणसं. काशाच्या भांड्यांवर नाव होतं: फू हाओ. कुऱ्हाडी होत्या, त्यांतली एक नऊ किलोची. हाडांवरची राणी खरोखरीच होऊन गेली होती.

हाडांवरच्या साडेचार हजारांच्या आसपास चिन्हांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा आज खात्रीनं वाचता येतो. त्यांतल्या एका लेखाचा अर्थ अभ्यासक असा लावतात: फू हाओ गेल्यावरही वू तिंगनं कौल लावला. परलोकात तिला कुणी पत्नी म्हणून स्वीकारलं का? आणि आपल्या पूर्वज राजांची नावं त्यानं एकेक करून विचारली.