आठ डॉलर आणि एक भाडेकरार

मंडळी, गोऱ्या रंगामुळे पदरात पडलेल्या फायद्यांचा विषय अमेरिकेत निघाला, की समोरून बहुधा ठरलेली उत्तरं येतात. 'मी कुणाचा रंग बघत नाही.' 'माझे आजोबा कोळशाच्या खाणीत राबले.' 'गुलाम काय मी ठेवले होते?' ही तिन्ही खरी असतील. पण विचारणाऱ्याने हिशेब मागितलेला असतो आणि हे गृहस्थ चारित्र्याचा दाखला काढून दाखवतात.

हिशेब कसला, ते बघा. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन उभं राहिलं. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी स्वस्त घरं, वर सरकारी हमीचं कर्ज. सुरुवातीच्या भाडेकरारात एक कलम होतं: गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहायचं नाही, मात्र घरकामाला इतर वंशांचे नोकर ठेवायला हरकत नाही. म्हणजे भांडी घासायला या, बिऱ्हाड करू नका. (हे ऐकून आपल्याला काहीच ओळखीचं वाटलं नसेल, तर कमाल आहे.) असे करार कोर्टांनी अमलात आणू नयेत, असं सुप्रीम कोर्टाने १९४८ मध्ये सांगितलं. कलम गेलं, तरी काळ्यांना घरं मिळेनात. घरांच्या व्यवहारात वंशभेदाला बंदी घालणारा देशव्यापी कायदा यायला १९६८ उजाडलं. तोवर त्या घरांच्या किमती चढत गेल्या, आणि त्यातूनच कित्येकांच्या मुलांची शिक्षणं झाली. आजोबा राबले, कोण नाही म्हणतंय? त्याच युद्धात लढलेला काळा सैनिकही राबलाच होता. त्याच्या घामाचं घर झालं नाही.

आता आपल्याकडे, म्हणजे अमेरिकेत आलेल्या मराठी माणसांकडे येऊ. 'आम्ही खिशात आठ डॉलर घेऊन आलो' हे वाक्य इथल्या प्रत्येक मराठी मंडळात ऐकू येतं. खोटं नाही, परकीय चलनाचे निर्बंधच तसे होते. पण त्या आठ डॉलरांबरोबर नाममात्र फीमध्ये मिळालेली सरकारी कॉलेजची पदवी होती, आणि अनेकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं शिक्षण. कस्टमवाल्याने ते मोजलं नाही, इतकंच. शिवाय ज्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आपल्याला अमेरिकेचं दार उघडलं, तो काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने तापवलेल्या हवेतच मंजूर झाला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटलने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. तेव्हा आपल्यातल्या काहींनी हुबेहूब तीच उत्तरं दिली. त्यांचा एक आक्षेप मात्र दखल घेण्याजोगा होता: आहेत ते कायदे पुरेसे आहेत. कॅलिफोर्नियाचं तसंच विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नाकारताना गव्हर्नर न्यूसम यांनीही हेच कारण दिलं. मला ते पटत नाही, पण त्यावर वाद तरी घालता येतो. 'आमच्या घरात कधी कुणाची जात काढली नाही' यावर काय वाद घालणार? ऑफिसात आधी आडनाव, मग गाव, मग 'नॉनव्हेज खाता का', असं विचारत विचारत ज्याची जात चाचपली जाते, तो तुमच्या घराबद्दल बोलतच नव्हता.